शिवेवरचा बावटा

उंबरकोंडच्या भागोजीला बापाकडून दोन गोष्टी मिळाल्या. एक सोमजाईच्या पालखीचा पहिला खांदा आणि दुसरा नाकाच्या शेंड्यावरचा राग. तिसरी गोष्ट त्याने स्वतः कमावली, ती म्हणजे शेतकरी कामगार पक्ष. कुलाबा जिल्ह्यात तेव्हा शेकापवाले गावोगाव होते, पण भागोजीसारखा पक्ष अंगात आलेला माणूस विरळा. नांगराला जुंपलेला बैल अडून बसला की तो बैलाला सरकारी म्हणायचा. अंगाने बेताचा, छातीने रुंद आणि आवाज असा, की त्याने इथून हाक दिली तर पलीकडच्या उतारावरची गुरं चरायची थांबत. पोलादपूरच्या सभांना भोंगा मिळाला नाही तरी कुणाचं अडत नसे. भागोजी आला का, एवढंच विचारायचं.

आणि ओढ्यापलीकडे साखरवाडीत राहायचा सहदेव. तो कम्युनिस्ट. मुंबईला गिरणीत साच्यावर काम करायचा आणि शिमग्याला, गणपतीला रजेवर आला की गळ्यात लाल रुमाल बांधून वाडीतल्या म्हाताऱ्यांनासुद्धा 'कामरेड' म्हणायचा. ही दोघं एकाच डोहात पोहायला शिकली होती. एकाच फणसावरून पडली होती. दोस्ती पक्की राहावी म्हणून भागोजीने आपली धाकटी बहीण बनुबाई सहदेवला दिली. आता ज्याला बहीण दिली त्याचाच पक्ष घ्यावा की नाही? पण नाही! दोघांनाही शेतकऱ्या-कामकऱ्यांचं राज्य हवं, दोघांचेही बावटे लाल, लांबून बघणाऱ्याला फरक कळू नये इतके सारखे. भागोजीला मात्र तो फरक अंधारातही कळायचा. काँग्रेसवाल्याच्या ओटीवर बसून दोघंही सुपारी कातरत. भडका उडायचा तो एकमेकांना पाहिलं की.

बावन्नच्या निवडणुकीत हा भडका भर बाजारात उडाला. भागोजी खोक्यावर उभा राहून भाषण करत होता, तेवढ्यात सहदेव गर्दीतून ओरडला, "भागू, तुज्या पक्षाची क्रांती खोताच्या ओटीवर बसून होणार काय रे?"

लोक हसले. ते हसणं भागोजीला झोंबलं. "आमची हितं शेतात पिकती," तो गरजला, "तुज्यावानी रशियातनं पार्सल नाय मागवायला लागत!"

लोक आणखी हसले. इथे थांबायला काय हरकत होती? पण थांबतील तर ते कार्यकर्ते कसले. शब्दाने शब्द वाढला आणि शेवटी भागोजी सगळ्या बाजारादेखत म्हणाला, "ज्या घरावर तुजा बावटा, त्या घरात माजा पाय पडायचा नाय!"

"मंग माज्या बायकोचा पाय तुज्या उंबऱ्याला लागायचा नाय!" सहदेवने तिथल्या तिथे परतफेड केली.

बनुबाई तेव्हा घरी उखळात तांदूळ सडत होती. आपलं माहेर तुटल्याची बातमी तिला बाजार करून परतलेल्या बायांकडून कळली.

पाच वर्षं गेली. सहदेव वर्षातले दहा महिने मुंबईला, भागोजी ओढ्याच्या अलीकडे, आणि बनुबाई सासू ठमाबाईबरोबर पलीकडे. शब्द कुणीच मागे घेतला नाही. भाऊबीज आली की मात्र भागोजीची पंचाईत व्हायची. ज्या बाईला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते. बनुबाईला भाऊ होता, चांगला धडधाकट, हाक मारली तर ओ देईल एवढ्या अंतरावर. तरी तिन्हीसांजेला ती अंगणात ताट घेऊन उभी राहायची आणि चंद्रकोरीला ओवाळायची. भागोजी त्या वेळी वरच्या बांधावर हटकून काहीतरी काम काढायचा. ओढ्यापलीकडे ती ज्योत हलताना दिसली की तो हातातलं काम तसंच टाकायचा. मग घरी येऊन तो बायकोवर डाफरायचा.

"जावा की एकदा," बायको, चंद्राबाई, म्हणायची. "बहीण काय म्हावरं हाय, बाजारात दुसरी घेयाला?"

"पक्षाचा प्रश्न हाय!" असं म्हणून भागोजी जेवायला बसायचा आणि अर्ध्या भाकरीवर उठायचा. आतून तो रोज मनाशी घोकत असे, की बनू एकदा या दारात येऊ दे. पण आधी सहदेवने वाकायला हवं. आपला बावटा खाली न येता बहीण घरी आली पाहिजे, असं काहीतरी चमत्कारिक गणित त्याने मांडलं होतं.

शिमग्यात तर आणखी गंमत. सोमजाईची पालखी खोऱ्यातल्या सगळ्या वाड्यांतून फिरते. रीत अशी, की पालखी शिवेवर आली की तिथेच खांदा बदलायचा. पलीकडची वाडी ढोलाचा ताल ऐकून शिवेवर हजर होते, बाया पायांवर पाणी घालतात, ओवाळतात, आणि आपल्या हद्दीत पालखी आपल्या खांद्यावर घेतात. परक्याच्या खांद्यावर देवी आपल्या हद्दीतून गेली तर वाडीला तोंड दाखवायला जागा उरत नाही. आणि एक, खांदा बदलताना आभाळ कोसळलं तरी दांडी जमिनीला टेकू द्यायची नाही. उंबरकोंडचा पहिला खांदा भागोजीच्या घराचा आणि साखरवाडीचा सहदेवच्या घराचा. त्यामुळे हे दोन वैरी दर शिमग्याला नाकासमोर नाक येतील एवढे जवळ यायचे. एक झाडाकडे बघत द्यायचा, दुसरा ढगाकडे बघत घ्यायचा. ठमाबाई पायांवर पाणी घालायची आणि तिच्या मागे बनुबाई ताट घेऊन उभी असायची. भागोजी तिच्याकडे चुकूनही बघत नसे. बघितलं असतं तर तिथेच रडला असता, आणि पालखीखाली रडणारा शेकापवाला कुणी पाहिला होता?

तेवढ्यात संयुक्त महाराष्ट्राचं वारं सुटलं. वारं कसलं, वावटळच! मुंबईसह महाराष्ट्र पाहिजे म्हणून सगळे डावे एका समितीत आले. कालपर्यंत एकमेकांच्या सभा उधळणारे आज एका व्यासपीठावर बसून एकमेकांच्या भाषणांना टाळ्या वाजवू लागले. अर्थात टाळ्या किती जोरात वाजवायच्या हे ज्याच्या त्याच्या पक्षाने ठरवलेलं असे. सत्तावन्न सालच्या थंडीत बातमी आली, की प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण करायला दिल्लीहून पंतप्रधान येणार. समितीने ठरवलं, त्यांना काळी निशाणं दाखवायची. सगळ्या खोऱ्यात एकच गलबला उडाला. जुनी छत्र्यांची कापडं निघाली, काळ्या परकरांचे तुकडे झाले, वेळूची बेटं उघडी पडली.

महाडला बैठक झाली. बैठकीला गद्रे मास्तर होते. ते समाजवादी, हायस्कुलात शिकवायचे, आवाज मऊ, आणि मोर्चात गाणी म्हणण्याची त्यांना भारी हौस. भागोजी त्यांच्या पक्षाला भजनी मंडळ म्हणायचा. सहदेव रजा काढून खास मुंबईहून आला होता. तो एका भिंतीला टेकून बसला आणि भागोजी समोरच्या.

"मित्रहो," गद्रे मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "आपण समिती म्हणून जातो आहोत. हातात फक्त काळं निशाण. पक्षाचा झेंडा कुणीही आणायचा नाही. मान्य?"

"मान्य!" सगळे एका सुरात म्हणाले. याचा अर्थ प्रत्येकाने आपापला झेंडा कुठे लपवून न्यायचा ते तिथल्या तिथे ठरवलं. वाटासुद्धा वेगळ्या ठरल्या. समाजवादी सडकेने येणार, सहदेवची माणसं साखरवाडीवरून रानातून चढणार, भागोजीची उंबरकोंडच्या खिंडीतून. गडासमोरच्या डोंगरधारेवर सगळ्यांनी भेटायचं. एकमेकांचं तोंड शेवटच्या क्षणापर्यंत बघायला लागू नये, अशी ही उत्तम व्यवस्था होती.

पण मोर्चाच्या आदल्या दिवशी पोलिसांनी खिंडीतच राहुट्या ठोकल्या. उंबरकोंडला दुसरी वाट एकच, ओढा ओलांडून साखरवाडीतून. सकाळी सगळे देवळापुढे जमले तेव्हा लोक भागोजीच्या तोंडाकडे बघू लागले. भागोजीने मुंडासं घट्ट आवळलं.

"साखरवाडीतनं तर साखरवाडीतनं!" तो म्हणाला. "पण चोरावानी नाय जायाचं. असं जायाचं, का सहदेवाच्या घराची कौलं नाचली पायजेत. चांगू, ढोल काढ!"

चांगू गावचा ढोलकरी. शिमग्यात ढोल त्याचाच आणि लग्नात वरातीपुढेही त्याचाच. त्याने ढोल गळ्यात अडकवला आणि वरातीचा ताल धरला. माणसं हसायला लागली.

"लगीन हाय काय रे?" भागोजी खेकसला. "दुसरा वाजव!"

चांगूला दुसरा म्हणजे एकच येत होता. तो त्याने धरला. धिन्-ताक्-धिन्... आणि काय सांगावं, सगळ्यांच्या पायात आपोआप जोर आला! भागोजीने सदऱ्याखालून पक्षाचा बावटा काढला, लांब काठीला बांधला आणि सवयीने उजव्या खांद्यावर घेतला. मागे काळी निशाणं फडफडू लागली. धुकं अजून ओढ्यावर बसलेलं, दवाने गवत भिजलेलं, आणि ही फौज आरोळ्या ठोकत उतरणीला लागली. भागोजीच्या अंगावर काटा उभा राहिला. आपण कोणता ताल वाजवत निघालो आहोत, हे ना त्याच्या लक्षात आलं, ना चांगूच्या, ना त्या तालावर जन्मभर चाललेल्या पायांच्या.

साखरवाडीच्या लक्षात मात्र तत्काळ आलं.

मार्गशीर्षात पालखीचा ताल! शिमगा तीन महिने दूर, आणि उंबरकोंडची सोमजाई बाहेर पडली? म्हणजे काहीतरी अघटित घडलं. देवी स्वतः गडावर निघाली की काय! बाया हातातली कामं टाकून उठल्या. कुणी पाण्याचा तांब्या घेतला, कुणी तांदूळ, कुणी हळदकुंकू. पुरुष वहाणा काढून धावले. सहदेवची माणसंसुद्धा निघायच्या तयारीत अंगणात उभी होती, तीही पळाली. सहदेव हातात आपला बावटा घेऊन "अरे कामरेड, डिसिप्लिन! डिसिप्लिन!" म्हणून ओरडत राहिला आणि शेवटी कुणीच ऐकेना म्हणून तोही धावला.

शिवेच्या दगडाशी दोन्ही वाड्या समोरासमोर आल्या. ढोल थांबला. साखरवाडीच्या लोकांनी हात जोडले, माना वर केल्या आणि पाहिलं, तर पालखी नाही. भागोजीच्या खांद्यावर शेकापचा बावटा.

जोडलेले हात एकेक करून सुटले. मग सहदेव हसत सुटला. "देवी बदलली काय रे उंबरकोंडची?"

"वाट सोड," भागोजी म्हणाला. कान लाल झाले होते त्याचे. चूक आता कळली होती, पण कबूल कशी करायची? "आमाला वर जायाचं हाय."

"जावा की. पण तो बावटा गुंडाळून जावा. साखरवाडीतनं तुजा बावटा जायाचा नाय."

"गुंडाळतो? मी?" भागोजी एक पाऊल पुढे झाला. दोन्हीकडची माणसं पुढे सरकली. काळ्या निशाणांच्या काठ्या आता निशाणासारख्या नाही, काठ्यांसारख्या धरल्या गेल्या. तिकडे पंतप्रधानांच्या गाड्या निघाल्याही असतील आणि इकडे संयुक्त महाराष्ट्र एका ओढ्याच्या काठावर दुभंगायच्या बेतात होता.

तेवढ्यात ठमाबाई पुढे आली. वय झालेलं, कंबरेत वाकलेली, पण हातातला तांब्या हललेला नाही. तिने सरळ भागोजीच्या पायांवर पाणी ओतलं.

"आये, काय करतंस?" सहदेव किंचाळला. "देवी नाय ती! शेकापचा झेंडा हाय!"

"तुजी देवी, तुजा शेकाप, मला काय ठाव नाय," ठमाबाई म्हणाली. "सोमजाईचा ताल वाजवत शिवेवर आलंय ना? मंग ते परक्याच्या खांद्यावरनं माज्या वाडीतनं जायाचं नाय, आन् शिवेवरनं माघारी बी जायाचं नाय. घे खांद्यावर."

"मी? कम्युनिस्ट?"

"पयला खांदा तुज्या बापाचा व्हता. तुला जड व्हत आसंल तर बाजूला हो, दुसऱ्या घराला मान देते."

हे मात्र सहदेवच्या वर्मी लागलं. युनियनच्या माणसाने जगातले सगळे मानपान मोडायला निघावं, पण आपल्या घरचा पहिला खांदा शेजाऱ्याला जाऊ द्यावा? तो तरातरा पुढे आला. भागोजी काठी सोडेना. सहदेवने ओढली. काठीचं टोक खाली झुकलं, जमिनीकडे चाललं, आणि दोन्ही वाड्यांतून एकदम आवाज उठला, "टेकू देऊ नका! टेकू देऊ नका!" दोघांनीही दचकून काठी वर उचलली. पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांचे डोळे एकमेकांना भिडले. भागोजीचे हात आपसूक सुटले, आणि शेकापचा बावटा कम्युनिस्टाच्या खांद्यावर गेला.

"आन् हा माजा कुणी घेयाचा?" सहदेव दुसऱ्या हातातल्या आपल्या बावट्याकडे बघून म्हणाला.

"पावना रित्या खांद्याने वाडीतनं चालत नाय," ठमाबाईने निकाल दिला.

आणि अशा रीतीने भागोजीच्या खांद्यावर तो बावटा आला, ज्याच्यामुळे त्याची बहीण गेली होती. त्याला वाटलं होतं, चटका बसेल. तसलं काही झालं नाही. काठी काठीसारखीच होती. चांगूने ढोलावर थाप मारली आणि दोन्ही वाड्यांची माणसं एका घोषणेत मिसळून निघाली. "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" भागोजीच्या आवाजात सहदेवचा चिरका आवाज मिसळला आणि डोंगराने तो दुप्पट करून परत दिला. वाडीतून जाताना अंगणाच्या कडेला बनुबाई उभी दिसली. आज भागोजीने तिच्याकडे बघितलं. तीही बघत होती, पण हसली नाही.

वाडीच्या वरच्या शिवेवर बावटे परत बदलायचे, असं दोघांच्याही मनात होतं. पण तिथून पुढे राखीव जंगल. जंगलाला ना वाडी ना मानकरी, मग पुढचा खांदा घेणार कोण?

"पुढली शीव आल्याबिगर बदलत नाय," चांगू म्हणाला आणि वाजवत राहिला. वेळही नव्हता. लोक धापा टाकत चढत होते. कारवीतून, घसाऱ्यावरून, एकमेकांना हात देत, ढकलत. एका कड्याशी सहदेवचा पाय घसरला, तेव्हा भागोजीने त्याच्या सदऱ्याला मागून धरलं.

"सोड, फाटल," सहदेव म्हणाला.

"फाटू दे. तुज्या खांद्यावर माजा पक्ष हाय."

सहदेव हसला. मग भागोजीही हसला. दोघांनाही ते हसणं अडवता आलं नाही.

धारेवर पोचले तेव्हा समोर गड उन्हात लखलखत होता आणि धारेवर पोलिसांची रांग उभी होती. गद्रे मास्तरांची समाजवादी मंडळी आधीच येऊन रांगेसमोर मांडी घालून बसली होती आणि खुशाल गात होती. मास्तरांनी दोघांना पाहिलं, मग दोघांच्या खांद्यांवर पाहिलं, आणि चष्मा काढून पुसून पुन्हा पाहिलं.

"झेंडे आणायचे नाहीत असं ठरलं होतं," ते म्हणाले.

"मास्तर, तुमच्या पिशवीतनं काय डोकावतंय?" भागोजीने विचारलं. मास्तरांनी पिशवी मागे घेतली.

इतक्यात पलीकडच्या वळणावर गाड्यांच्या काचा चमकल्या. कुणीतरी ओरडलं, "आले! आले!" आणि सगळी धार एकदम उठली! काळी निशाणं आभाळात गेली. गाणारे, ओरडणारे, ढोल वाजवणारे, सगळ्यांचा मिळून एकच आवाज झाला. पोलिसांची रांग पुढे आली. रेटारेटी सुरू झाली. एका शिपायाने भागोजीच्या हातातला लाल बावटा पकडला. "खाली घे! कुठल्या पक्षाचा हा?"

"मेव्हण्याचा!" भागोजी ओरडला.

"खाली टाक म्हणतो ना!"

"माज्या खांद्यावर हाय तवर भुईला नाय लागायचा!"

शिपायाची काठी खांद्यावर बसली. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण बोटं सुटली नाहीत. दुसरा तडाखा बसायच्या आत सहदेव आडवा आला. एका हाताने त्याने शेकापचा बावटा उंच धरला होता आणि दुसऱ्या हाताने भागोजीची काठी. ती तरीही कलू लागली, तेव्हा "थांबा, थांबा" म्हणत मऊ आवाजाचे गद्रे मास्तर त्या झोंबाझोंबीत घुसले आणि चष्मा पडला तरी त्यांनी काठी खालून उचलून धरली. तिन्ही पक्षांनी मिळून एक बावटा धरला होता आणि तो कुणाचा हे त्या क्षणी कुणाला सांगता आलं नसतं. गाड्या गेल्या. धार अजून गरजतच होती. साहेबाने हाक मारली तसे शिपाई मागे सरले. बावटा जमिनीला लागला नव्हता!

उतरताना काय वर्णावा तो आनंद! भागोजीचा खांदा सुजून भोपळा झाला होता आणि तो दुखऱ्या हातानेच सहदेवच्या पाठीवर थापा मारत होता. 'भागू' आणि 'सहदेवा' सुरू झालं. डोह निघाला, फणस निघाला. गद्रे मास्तर आपल्या पिशवीतला झेंडा काढून मिरवत होते. साखरवाडीत पोचेपर्यंत दोघा मेव्हण्यांनी मुंबई घेतली होती, बेळगाव घेतलं होतं आणि शेतकऱ्या-कामकऱ्यांचं राज्यही जवळजवळ आणलं होतं.

वरच्या शिवेवर दोघांनी आपापला बावटा परत घेतला होता. अंगणात बायांनी भाकऱ्या थापून ठेवल्या होत्या. सहदेव अंगणाच्या मधोमध उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आजपासनं भांडण खतम! भागू, घेऊन जा तुज्या बहिणीला माहेरी!"

"चल बनू!" भागोजीने दोन्ही हात पसरले. "चांगू, वाजव!"

चांगूने टिपरू उचललं. बनुबाईने चुलीपुढून उठून हात झटकले आणि बाहेर आली.

"ऱ्हाऊ दे तो ढोल," ती म्हणाली. चांगूचा हात वरच राहिला. "बाजारात भांडलात तवा मला इचारलंत? आज गळ्यात गळे घातलेत, आजबी नाय इचारलंत. झेंड्यापायी माजं माहेर तोडलंत, आन् आता झेंड्यापायीच परत देताव. ह्यो सकाळी हितनं गेला, कुणासाठी गेला? दिल्लीच्या पावण्यासाठी. पाच वरसांत माज्यासाठी कोण आला शीव ओलांडून?"

भागोजीचे पसरलेले हात हळूहळू खाली आले. आनंद असा एकाएकी उतरला, की खांद्याची कळ आता कुठे त्याला जाणवली. तो वळला आणि अंगणातून चालता झाला.

"गेला," सहदेव कपाळाला हात लावून म्हणाला. "नाकावरचा राग. आता मेलो तरी येत नाय."

भागोजी ओढ्यापर्यंत गेला. शिवेच्या दगडाशी त्याची माणसं थांबली होती. आपला बावटा त्याने त्यांच्याकडे दिला. "तुमी व्हा पुढं," म्हणाला. मुंडासं सोडून त्याने तोंडावरची धूळ पुसली, ते पुन्हा नीट बांधलं आणि तो एकटाच मागे फिरला. धारेवर काठी अंगावर आली तेव्हाही तो एवढा घाबरला नव्हता.

अंगणात लोक जेवत होते. सहदेवच्या घरावर त्याचा बावटा लावलेला होता. भागोजी त्याखालून सरळ आत गेला आणि ओटीवर बसलेल्या ठमाबाईपुढे उभा राहिला.

"ठमामावशे," तो म्हणाला, आणि तो खणखणीत आवाज ओटीपुरताच उरला, "मी मुऱ्हाळी आलोय. बनूला न्यायाला. चार दिस धाडता काय माहेरी?"

ठमाबाईने सुनेकडे पाहिलं. "माजी ना नाय. पण तिला इचार."

भागोजी वळला. "बनू, येतंस काय गो?"

बनुबाईने त्याच्याकडे बघितलं, त्याच्या सुजलेल्या खांद्याकडे बघितलं, आणि पाच वर्षांचं सगळं एकदम तिच्या डोळ्यांतून वाहू लागलं. पदराने तोंड पुसत ती घाईघाईने आत गेली. "लुगडं बदलून येते," आतून आवाज आला. "निघून जाशील बग पुना!"

"अगो, पण मी परवा मुंबईला जाणार," सहदेव दाराशी जाऊन म्हणाला. "तवर माजी भाकरी कोण करील?"

"तुमची समिती करील!" बनुबाई आतून म्हणाली, आणि भागोजी ओटीवर बसून खांदा दुखेपर्यंत हसला.